प्रिटोरियातल्या दोन टेकड्या

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "मंडेलांच्या तपश्चर्येपुढे गोऱ्यांना झुकावंच लागलं." मला तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून मी विषय आईच्या गुडघ्यावर नेला. आता सवडीने लिहिते.

शेजारचे गोरे काका (इथे 'ऊम' म्हणतात) काल मला फूरट्रेकर स्मारकाच्या (जुन्या गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या स्मारकाच्या) टेकडीवर घेऊन गेले. तिथे एक भिंत आहे, गोऱ्या राजवटीच्या सैन्यातल्या मेलेल्या पोरांच्या नावांची. एका नावावर त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलंच नाही. समोरच्या साल्वोकॉप टेकडीवर फ्रीडम पार्क आहे, स्वातंत्र्यासाठी लढलेल्यांचं स्मारक. तिथल्या भिंतीवर अंगोलाच्या बाजूने याच गोऱ्या सैन्याशी लढताना पडलेल्या क्यूबन सैनिकांची नावं आहेत, दोन हजारांवर. काकांच्या मित्राला तिथे जागा मिळाली नाही, म्हणून 2009 मध्ये ही वेगळी भिंत उभी राहिली.

बाबा, गोरे का झुकले याची सुरुवात पोर्तुगालपासून होते. 1961 ला गोवा गेला तरी आफ्रिकेतल्या वसाहतींसाठी तो लढतच राहिला. 1974 ला त्याच्याच सैन्याने लिस्बनचं सरकार उलथवलं आणि पुढच्या वर्षी अंगोला, मोझांबिक स्वतंत्र झाले. प्रिटोरियाचं, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारचं, कुंपणच गेलं. 1975 मध्ये यांनी गुपचूप अंगोलात फौज घुसवली, स्वतःच्या जनतेलाही न सांगता. काका अजून 'युद्ध' म्हणत नाहीत, 'बॉर्डरवर होतो' एवढंच म्हणतात.

तेव्हा प्रत्येक गोऱ्या मुलाला दोन वर्षं सक्तीची लष्करसेवा. नकार दिला तर सहा वर्षांपर्यंत तुरुंग. तरी 1988 च्या ऑगस्टमध्ये 143 जणांनी जाहीरपणे नाही म्हटलं.

आणि घरात काय चाललं होतं? 3 सप्टेंबर 1984 ला नवी राज्यघटना लागू झाली. मिश्रवंशीय आणि भारतीय वंशाच्यांना संसदेत वेगवेगळी सभागृहं, बहुसंख्य काळ्यांना काहीच नाही. (आपल्या लोकांपैकी बहुतेक जण मतदानाला गेलेच नाहीत, याचं मला बरं वाटतं.) त्याच दिवशी शार्पव्हिल, सेबोकेंग या काळ्यांच्या वस्त्यांमध्ये घरभाडेवाढीवरून लोक रस्त्यावर आले. ऑक्टोबरात वस्त्यांमध्ये लष्कर शिरलं. काका आधी अंगोलाजवळ होते, मग चिलखती गाडीतून एका वस्तीत. "तिकडे निदान शत्रू कोण ते सांगितलं होतं," म्हणाले. "इथे शाळेच्या गणवेशातली पोरं होती." खरी किंमत त्या पोरांनी मोजली. काकांना ते कळतं, पण बोलवत नाही.

1985 च्या जुलैत आणीबाणी आली. काही दिवसांतच अमेरिकेच्या चेस मॅनहॅटन बँकेने कर्जाची मुदत वाढवायला नकार दिला. ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष बोथा डर्बनला सुधारणा जाहीर करतील अशी हवा होती. त्यांनी उलट बोट नाचवलं, रँड (इथलं चलन) कोसळला. सीमेवर खर्च, वस्तीत खर्च, आणि सावकार दारात. आई, तू महिनाअखेरीला वहीत जमाखर्च मांडायचीस ना, तसा इथे मेळच बसेना.

अंगोलातल्या कुइतो कुआनावाले गावापाशी 1987-88 मध्ये झालेल्या लढाईत कोण जिंकलं यावर अजून भांडणं होतात. मला त्यात रस नाही. 1977 पासून शस्त्रबंदी होती, त्यामुळे यांची विमानं जुनी, समोर रशियन बनावटीची मिग-23. 1988 च्या जूनमध्ये अंगोलातल्या कालुएके धरणाजवळच्या हल्ल्यात एकाच दिवशी डझनभर पोरं गेली. डिसेंबरात न्यूयॉर्कला करार झाला, क्यूबन परतायला निघाले आणि यांच्या ताब्यातला नामिबिया सुटला. पुढच्या वर्षी बर्लिनची भिंत पडल्यावर कम्युनिस्टांचा बागुलबुवाही उरला नाही.

मंडेला सुटले 11 फेब्रुवारी 1990 ला. तपश्चर्या होतीच बाबा, मी नाकारत नाही. पण दार आतून खिळखिळं झालं होतं.

डिसेंबरात याल तेव्हा तुमचा जुना पासपोर्ट आठवणीने आणा, 'दक्षिण आफ्रिका वगळून' लिहिलेला. काकांना तो बघायचाय. आणि आई, कोकम आण, इथे मिळत नाही.

तुमची,
सुमी