सीडी मिळाली, स्कॅन उघडेना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या दादांच्या छातीचा सीटी स्कॅन धंतोलीतल्या एका सेंटरवर काढला. फिल्म, रिपोर्ट आणि एक सीडी अशी पिशवी हातात आली. पुण्याच्या एका डॉक्टरांचेही मत घ्यायचे होते, म्हणून फिल्म खिडकीच्या काचेला टेकवून मी मोबाइलने फोटो काढले आणि पाठवून दिले. त्यांचा निरोप आला, "फोटो नकोत. सीडीतल्या मूळ फाईली पाठवा."

घरच्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही. भाच्याने बर्डीवरून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. सीडी फिरली, पण तिच्यातला प्रोग्राम काही सुरू होईना. भाचा म्हणाला, "मामाजी, फाईली दिसून राहिल्या, पण उघडून नाही राहिल्या." नावापुढे ना जेपीजी ना पीडीएफ, नुसते आकडे. शेवटी त्याने मायक्रोडायकॉम नावाचा फुकटचा प्रोग्राम टाकला (मॅकवर हॉरोस चालतो, लिनक्सवर वेसिस), एकेक फाईल न निवडता अख्खे फोल्डरच त्यात उघडले, आणि माऊसच्या चाकाबरोबर छातीचे काप सरकू लागले.

फोटो का चालत नाहीत, ते तेव्हा कळले. सीटीच्या डायकॉम फाईलमध्ये (स्कॅनची चित्रे साठवायची ठरलेली पद्धत) प्रत्येक ठिपक्याची घनता आकड्यात असते: पाणी ०, हवा उणे १०००, हाडे कितीतरी वर. साधा पडदा करड्या रंगाच्या २५६ छटा दाखवतो, त्यात हे सगळे एकदम मावत नाही. म्हणून 'विंडो', म्हणजे कुठल्या आकड्यांपासून कुठल्या आकड्यांपर्यंत छटा वाटायच्या तो पट्टा, बदलायची. त्याच कापात एकदा फुप्फुस स्पष्ट दिसते, एकदा बरगड्या. फिल्मवर सेंटरने निवडलेलेच छापून येते, आणि माझ्या फोटोत तर तेही धड नव्हते. (पडद्यावर डावीकडे दिसते ते पेशंटचे उजवे अंग. हे ठाऊक नसल्याने मी अर्धा तास भलत्याच फुप्फुसात डाग शोधत बसलो. निदान डॉक्टरांवरच सोडावे.)

डायकॉम हे नाव १९९३ पासून रूढ आहे, आणि मशीन कुठल्याही कंपनीचे असो, फाईल त्याच पद्धतीची असते. मग अडते कुठे? गडचिरोली, बालाघाटहून नागपूरला आलेल्या माणसाने सीडी चालत नाही म्हणून पुन्हा एसटी धरायची का? सेंटरांनी पेनड्राइव्ह किंवा पासवर्डची लिंक द्यावी. सीडीच द्यायची तर ती काउंटरवर चालवून दाखवावी आणि सोबत अर्ध्या पानाची मराठी चिठ्ठी द्यावी. फाईलच्या पोटात पेशंटचे नाव नि वयही असते, तेव्हा ती नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नये, एवढे तरी त्या चिठ्ठीत हवेच.

हे मी सेंटरवर जाऊन सांगितले. काउंटरवरून उत्तर मिळाले, "काका, सीडी डॉक्टरांसाठी असते, तुम्हाला कशाला पाहिजे?" पुण्याच्या डॉक्टरांच्या लॅपटॉपलाही सीडी घालायला जागा नाही.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
मानेवाडा, नागपूर