यकृताच्या अहवालात दडलेला स्नायूंचा आजार : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
सविनय नमस्कार.

रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत जैवरसायनशास्त्राचे काम मी पाहते. नवे रुग्णालय किंवा महागडे यंत्र मागायला हे पत्र लिहीत नाही. मला हवे आहे एक परिपत्रक.

तीन-चार वर्षांचा मुलगा तापाने आजारी पडतो. रक्त तपासले की एसजीपीटी आणि एसजीओटी कित्येक पटींनी वाढलेले दिसतात. हे आकडे ‘लिव्हर फंक्शन’ या मथळ्याखाली छापले जात असल्याने पुढचा प्रवास ठरून जातो : काविळीच्या चाचण्या, सोनोग्राफी, आणि काही वेळा थेट यकृताचा तुकडा काढणे. यकृत मात्र ठणठणीत असते. ही दोन्ही विकरे स्नायूंतही असतात आणि या मुलाच्या स्नायूंमधून ती रक्तात झिरपत असतात.

ती का झिरपतात, हे थोडे सविस्तर सांगते, कारण माझी मागणी त्यावरच उभी आहे. स्नायूचा एकेक तंतू काही सेंटिमीटर लांब असू शकतो, पण त्याभोवतीचे पटल जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचे असते. प्रत्येक आकुंचनात ते ताणले जाते, आणि तरीही फाटत नाही. वाऱ्यात फडफडणारी ताडपत्री दोऱ्यांनी जखडलेली असेल तरच टिकते. इथे दोऱ्यांचे काम प्रथिनांचा एक संच करतो. डिस्ट्रोग्लायकन आणि सार्कोग्लायकन ही त्यातली प्रथिने पटलातच रुतलेली असतात. पटलाच्या आतल्या बाजूने डिस्ट्रोफिन हे लांबलचक प्रथिन त्यांना तंतूच्या सांगाड्याशी बांधून ठेवते. स्नायूंतल्या एकूण प्रथिनांत डिस्ट्रोफिनचा वाटा अवघा ०.००२ टक्के, म्हणजे शंभर ग्रॅममध्ये दोन मिलिग्रॅम. एवढेसे प्रथिन नसले तर ड्युशेन हा स्नायू झिजवत नेणारा आजार होतो. १९८७ साली हे प्रथिन ओळखले गेले. त्याचे जनुक ‘एक्स’ गुणसूत्रावर असल्याने आजार मुख्यतः मुलग्यांना होतो. साधारण पाच हजार मुलग्यांमागे एकाला.

डिस्ट्रोफिन नसले की पटलाला बारीक भेगा पडतात. बाहेरचे कॅल्शियम आत घुसते, तंतूची स्वतःचीच प्रथिने कापली जाऊ लागतात आणि मेलेल्या तंतूंच्या जागी हळूहळू चरबी आणि चिवट ऊती भरते. आतला ऐवज त्याच भेगांतून बाहेर पडतो. त्यात सर्वांत ठळक असते क्रिएटिन कायनेज, आम्हा प्रयोगशाळेतल्या लोकांच्या बोलीत सीपीके. निरोगी मुलात ते दोन-तीनशेच्या आत असते, तर या मुलांत कित्येक हजारांवर जाते. मूल पोटऱ्या टणक आणि फुगीर घेऊन हिंडत असते, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात रोवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखे उठते, आणि घरचे म्हणतात, ‘जरा आळशी आहे.’ सीपीके मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून चढलेले असते.

पटलातल्या प्रथिनांचे आजार एवढ्यावर संपत नाहीत. डिस्फर्लिन हे प्रथिन बिघडले तर फाटलेले पटल सांधले जात नाही. क्लोराइडला पटलातून ये-जा करू देणारी प्रथिनाची वाट बिघडली तर आखडलेला स्नायू सैल व्हायला वेळ लागतो. सोडियमच्या वाटेतल्या दोषाने काहींचे हातपाय अधूनमधून लुळे पडतात. पण ते वेगळ्या पत्राचे विषय आहेत.

निदान लांबले म्हणून काय बिघडते, असा प्रश्न खात्यातून येईल. ड्युशेनचे निदान बहुतेकदा चार-पाच वर्षांच्या वयात होते. तोवर घरात दुसरे मूल जन्मलेले असू शकते, आणि आई सदोष जनुकाची वाहक असेल तर प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी. स्टेरॉइडने चालणे काही वर्षे टिकते, हृदयावर लक्ष ठेवता येते; पण हे सगळे निदानानंतरच सुरू होते. आणखी एक धोका फार कमी बोलला जातो. या मुलांना भूल देताना सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारे औषध दिले तर कमकुवत पटलातून पोटॅशियम एकदम रक्तात उतरते आणि हृदय बंद पडू शकते. म्हणजे यकृताच्या चुकीच्या संशयापायी मूल भुलीच्या टेबलावर जाते आणि खरा आजार तिथल्या कुणालाच ठाऊक नसतो.

म्हणून परिपत्रकात एवढेच असावे. मुलाचे एसजीपीटी किंवा एसजीओटी वाढलेले असेल आणि कारण उघड नसेल, तर प्रयोगशाळेने त्याच नमुन्यातून सीपीके करून अहवालात द्यावे. पुन्हा सुई टोचावी लागत नाही. सोबत जीजीटी हे यकृताचे विकर पाहावे. ते स्नायूंत जवळपास नसतेच, त्यामुळे ते नॉर्मल आणि सीपीके हजारांत असेल तर बोट स्नायूंकडे जाते. दीड वर्षाचे होऊनही न चालणाऱ्या मुलाचे सीपीके प्राथमिक केंद्रातच व्हावे. ते खूप वाढलेले आढळले तर मुलाला थेट जनुकीय तपासणीला पाठवावे आणि तोवर भूल देणाऱ्यांसाठी कागदावर ठळक सूचना असावी.

सर्व नवजात बाळांची सीपीके तपासणी मी मागत नाही. प्रसूतीच्या ताणाने ते आकडे काही दिवस तसेही चढलेले असतात, आणि पुढच्या तपासण्यांची सोय नसताना घराघरांत घोर लावण्यात अर्थ नाही. आधी जे नमुने रोज आमच्या टेबलावर येतातच, त्यांतून एक चाचणी जास्त करू द्या. परिपत्रकाचा मसुदा मी आणि माझे सहकारी तयार करून देऊ. आपल्या खात्याने तो मसुदा तपासण्यासाठी एक अधिकारी नेमावा, ही विनंती.

आपली,
प्रयोगशाळेत काम करणारी एक जैवरसायनतज्ज्ञ