प्रबंधाचा विषय निवडताना: चि. ऋतुजास पत्र

मिरज, जि. सांगली

चि. ऋतुजा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

एम. एस.च्या (शल्यचिकित्सेच्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधाचा आराखडा पाठवण्याची मुदत जवळ आली आहे आणि विषय अजून ठरत नाही, असे तू परवा फोनवर म्हणालीस. एखाद्या जुन्या प्रबंधाचा साचा घ्यावा आणि मोकळे व्हावे, असा सल्ला वरच्या वर्षाची मुले देतात, हेही तू सांगितलेस. तुला वॉर्डात परतायची घाई होती, म्हणून माझे म्हणणे सविस्तर लिहून कळवते. मी डॉक्टर नाही. परंतु माझे नोकरीचे आयुष्य थिएटर सिस्टर, म्हणजे शस्त्रक्रियागृहातली परिचारिका म्हणून गेले, आणि शस्त्रक्रियेत जे बदल तू आज पुस्तकात वाचतेस त्यांतले बरेचसे माझ्या हातांखालून गेले आहेत. प्रबंध ही पदवीसाठी उरकायची बाब आहे, हे मला मुळीच मान्य नाही.

नवी साधने आली की सगळ्यांचे लक्ष तिकडे जाते, आणि ते साहजिकही आहे. 1990 साली डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढले. भारतातली ही पहिली अशी शस्त्रक्रिया एका सरकारी, विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या रुग्णालयात झाली, याचा मला आजही अभिमान वाटतो. ती पद्धत सांगली-मिरजेपर्यंत पोचली तेव्हा ज्या बायकांच्या बरगडीखाली वीतभर छेद जात असे, त्या एक-दोन दिवसांत चालत घरी जाऊ लागल्या. आता तुझ्यासमोर रोबो आहे. तो अवश्य शीक. पण शस्त्रक्रियेची खरी प्रगती एका जुन्या, कष्टाच्या कामातून झाली आहे: रुग्णाचे पुढे काय झाले हे शेवटपर्यंत जाऊन पाहणे, आणि जे दिसेल ते आपल्या मताविरुद्ध असले तरी जसेच्या तसे लिहून ठेवणे.

स्तनाच्या कर्करोगाचेच पाहा. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील हॉलस्टेड यांनी, ज्यांनी तुमची ही रेसिडेन्सीची, म्हणजे रुग्णालयात राहून काम करत शिकण्याची पद्धत घालून दिली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. ते मोठे शल्यविशारद होते आणि त्यांचा हेतू चांगला होता, तरीही पाऊणशे वर्षे जगभरच्या स्त्रिया ती खोल विद्रूपता आणि सुजलेला हात घेऊन जगल्या, कारण 'जितके जास्त कापू तितका रोग जाईल' हे गृहीतक कोणी नीट तपासलेच नव्हते. 1971 साली अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी अनेक रुग्णालयांतल्या 1,665 स्त्रियांना चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने वेगवेगळ्या गटांत विभागून तुलना सुरू केली. 25 वर्षांचे निकाल 2002 साली प्रसिद्ध झाले आणि मोठ्या शस्त्रक्रियेने आयुष्य वाढत नाही हे सिद्ध झाले. त्या संशोधकांना त्या काळात किती विरोध सोसावा लागला असेल याची कल्पना कर. थिएटरात वरिष्ठांना 'हे कशावरून?' असे विचारणे किती अवघड असते हे मी पाहिले आहे.

आपल्याकडचे उदाहरण तर तुझ्या अगदी जवळ, परळला आहे. टाटा रुग्णालयातील डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातल्या 11 केंद्रांत 1,600 स्त्रियांवर एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. गाठ काढण्यापूर्वी सात ते दहा मिनिटे तिच्या सभोवती लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचे इंजेक्शन द्यायचे, इतकाच बदल त्यांनी केला होता. पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण 86.4 टक्क्यांवरून 90.1 टक्क्यांवर गेले. हे औषध आम्ही छोट्या जखमेला टाके घालताना रोज वापरत आलो. ट्रॉलीवर ते कायम पडलेले असायचे, आणि त्याचा असा उपयोग होईल हे कळायला कोणीतरी प्रश्न विचारून दहा वर्षांहून अधिक काळ उत्तराची वाट पाहावी लागली.

आता माझ्या अगदी जवळच्या विषयाकडे येते, तो म्हणजे पोटाची जखम पिकणे. भारतासह 7 देशांतल्या 81 रुग्णालयांत 13,301 रुग्णांवर झालेली एक चाचणी 2022 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. पोट शिवायला घेण्यापूर्वी साऱ्या चमूने हातमोजे बदलायचे आणि शिवण्यासाठी निर्जंतुक केलेला वेगळा ट्रे घ्यायचा, एवढेच त्यात होते. आतड्यावर काम करताना मोजे आणि हत्यारे यांना जे जंतू लागतात, तेच शेवटी कातडीखाली शिवले जाऊ नयेत, हे त्यामागचे साधे कारण. नेहमीच्या पद्धतीत 18.9 टक्के जखमा पिकल्या. बदललेल्या पद्धतीत 16 टक्के. म्हणजे शंभर रुग्णांमागे साधारण तिघांचा त्रास वाचला. हा आकडा तुला लहान वाटेल, पण जतहून आलेल्या मजुराची जखम पिकली की त्याचा महिन्याचा रोजगार जातो, ड्रेसिंगसाठी रोज एसटीचे भाडे लागते, सोबत येणाऱ्या बायकोचाही खाडा होतो, आणि काही जणांना पुढे त्याच जागी हर्निया होऊन (पोटाचा स्नायू कमजोर होऊन आतडे बाहेर येऊन) पुन्हा टेबलावर यावे लागते.

मात्र हा वेगळा ट्रे कोण तयार करणार, हे तुम्ही डॉक्टर मंडळींनी समजून घ्यायला हवे. त्यात सुईहोल्डर, दातेरी चिमटा, आर्टरी (रक्तवाहिनी पकडायचा चिमटा), कात्री, रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचे हत्यार) असे सगळे दुसऱ्यांदा लागते, म्हणजे तेवढा जास्तीचा संच विकत घ्यावा लागतो, धुवावा लागतो, ऑटोक्लेव्हच्या (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) फेरीत बसवावा लागतो. आणि यादीत आठ केसेस असून ऑटोक्लेव्ह एकच चालू असेल तर पहिला बळी याच ट्रेचा जातो. म्हणून तू हा विषय घेतलास तर तुझ्या थिएटरच्या इन्चार्ज सिस्टरशी आणि निर्जंतुकीकरण विभागातल्या मावशी-मामांशी आधी बोल. त्यांना बाजूला ठेवून केलेले संशोधन कागदावरच राहते.

याचा पुरावाही आहे. शस्त्रक्रियेच्या सुरक्षेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 19 मुद्द्यांची यादी केली. रुग्णाचे नाव, शस्त्रक्रियेची बाजू, प्रतिजैविकाची वेळ, मॉप (रक्त टिपायची फडकी) आणि सुयांची मोजणी या गोष्टी मोठ्याने म्हणून खात्री करायची अशी ती पद्धत. नवी दिल्लीसह 8 शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले, असे 2009 साली दिसले. पुढे कॅनडातील ओंटारियो प्रांतात 101 रुग्णालयांना तीच यादी सक्तीची झाली, तेव्हा 2014 च्या पाहणीत लक्षणीय फरक आढळला नाही. मला याचे आश्चर्य वाटत नाही. मोजणी करून खूण करणे आणि नुसती खूण करणे यांतला फरक टेबलापाशी उभ्या असलेल्या प्रत्येकीला ठाऊक असतो.

मोठ्या रुग्णालयाबाहेरचेही एक नाव तुला सांगायला हवे. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियाच्या महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड वापरले आणि 2003 साली त्याचे अनुभव प्रसिद्ध केले. त्यानंतर 2016 साली युगांडात झालेल्या काटेकोर चाचणीत अशा स्वस्त जाळीचे आणि बाजारातल्या जाळीचे निकाल सारखेच आल्याचे दिसले. गावातल्या शल्यचिकित्सकाची कल्पना आणि विद्यापीठाची चाचणी या दोहोंचा मेळ बसला, तेव्हाच गरीब देशांतल्या रुग्णांसाठी ती गोष्ट विश्वासार्ह झाली.

तर माझी सूचना अशी. तुझ्या युनिटमध्ये पोटाची तातडीची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या जखमांचा 30 दिवसांपर्यंत मागोवा घे. आपल्या मिरजेत 1894 साली डॉ. वानलेस यांनी रुग्णालय उघडले तेव्हापासून आटपाडी, कवठेमहांकाळपासून थेट अथणी, चिकोडीपर्यंतचे रुग्ण इथे येतात, आणि परत जातात ते कायमचेच. टाके काढताना जखम कोरडी असली की रजिस्टरात 'जखम चांगली' अशी नोंद होते; दहा दिवसांनी ती फुटली तर गावातला डॉक्टर ती धुतो आणि त्याची खबर कोणत्याही मोठ्या रुग्णालयाला लागत नाही. म्हणून रजिस्टरातले प्रमाण नेहमी खऱ्यापेक्षा कमी असते. मुंबईतही वेगळे नसणार. तुझे रुग्ण पालघरला नाहीतर कोकणात जातात, एवढेच.

यासाठी फार पैसा लागत नाही. प्रत्येक रुग्णाकडून दोन फोन क्रमांक घे, एक त्याचा आणि एक घरातल्या जबाबदार माणसाचा. सासर-माहेर असे दोन्हीकडचे मिळाले तर उत्तम. नैतिकता समितीची परवानगी आल्याखेरीज एकही नोंद करू नकोस. संमतीपत्रावर सही घेताना रुग्ण वेदनेत असतो आणि डॉक्टर म्हणेल त्याला मान डोलावतो, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच्याजवळ बसून पुन्हा समजावून सांग आणि नको म्हणाला तर त्याच्या उपचारात काडीचाही फरक पडू देऊ नकोस. ज्यांच्याशी संपर्क झाला नाही त्यांच्यासाठी वेगळा रकाना ठेव. त्यांना 'जखम चांगली' मध्ये ढकलण्याचा मोह अखेरच्या महिन्यात होतो, तो टाळ. आणि तुझ्या स्वतःच्या हातच्या केसेसमध्ये प्रमाण जास्त निघाले तर मार्गदर्शकांना ते सर्वांत आधी दाखव.

फोनवर विचारायच्या प्रश्नांचा कच्चा मसुदा तयार झाला की मला पाठव. शेजारच्या पाटीलकाकू आणि आपला दूधवाला यांना मी तो वाचून दाखवीन, आणि जिथे ते अडखळतील तिथे खूण करून आठवड्याच्या आत तुला परत पाठवीन.

तुझी,
आई