स्लॅब कितवा पडला?

भांडुप, रविवार, 26 ऑक्टोबर 2025

ती. आई-बाबांस,
बाळूचा सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा 'कितवा? कितवा?' करत राहिले आणि मी 'सतरावा, सतरावा' असा ओरडत राहिलो. शेवटी शेजारच्यांनी दार उघडून बघितलं. म्हणून हे पत्र. बाबा, वरळीला आपल्या बीडीडी चाळीच्या जागी उठतेय त्या इमारतीचा सतरावा स्लॅब पडला. आपलं घर बाविसाव्यावर, म्हणजे अजून पाच.

आज सकाळीच वरळीला जाऊन आलो. जांबोरी मैदानाच्या बाजूने पत्र्याला एक फट आहे, तिथे आपल्याच चाळींतले तीन-चार म्हातारे रोज उभे असतात. प्रत्येकाचा आकडा वेगळा. कोणी खालचे पार्किंगचे मजले धरतो, कोणी धरत नाही, त्यावरून आज चांगलीच जुंपली होती. बाबा असते तर चहासुद्धा तिथेच मागवला असता. मी मिक्सरच्या गाडीवाल्याला विचारून घेतलं, सतरावा हा आकडा त्याचा.

काम कसं चालतं तेही सांगतो. विटा नाहीतच. अॅल्युमिनियमचे साचे असतात, तिथे सगळे त्याला मायवान म्हणतात. आधी सळया बांधायच्या, वायरींचे पाइप आत सोडायचे, दोन्ही बाजूंनी साचे लावायचे आणि भिंती न् स्लॅब एकदमच ओतायचा. काँक्रीट धरलं की साचे सोडवतात आणि स्लॅबमध्ये ठेवलेल्या चौकोनातून एकमेकांच्या हातात देत वरच्या मजल्यावर चढवतात. आवाज असा, की मंडळाची जेवणाची भांडी कोणीतरी जिन्यावरून लोटून दिली. आई, तुझ्यासाठी यातली कामाची गोष्ट एकच: भिंत सगळी काँक्रीटची, खिळा ठोकता येणार नाही. आजीचा फोटो लावायचा तरी ड्रिलवाला बोलवावा लागेल.

दोन विंगा तर भरल्यासुद्धा. ऑगस्टमध्ये 556 घरांच्या चाव्या दिल्या. आपल्या माळ्यावरच्या काकू तिथे राहायला गेल्या, त्यांच्याकडे दिवाळीत फराळाला गेलो होतो. चाळीस मजली इमारत, घर 500 चौरस फूट. आपली खोली 160 ची, त्यात आपण सात माणसं आणि गणपतीत गावचे पाहुणे! काकूंच्या खिडकीतून वारा नुसता भणाणतो. पण लिफ्टमधून बाहेर आलो तर सगळी दारं बंद. काकूंचंही. बेल वाजवावी लागली, हात जरा अडखळलाच.

गॅलरी गेली म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात, बहुतेक चाळीत कधी न राहिलेले. मला नाही तेवढं वाटत. पावसात रात्री दोनला बादली घेऊन गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत जाणारी आई आठवते. गुडघा दुखत असताना तीन जिने. घरातला संडास, तोही दोन-दोन, याच्यापुढे गॅलरीचं काय घेऊन बसायचं? पापड मात्र कुठे वाळवायचे ते मला सुचलेलं नाही. काकूंनी खिडकीच्या कठड्यावर घातले, ते उडाले.

बाबा म्हणतात, दोनदा भूमिपूजनाचा नारळ फुटला तेव्हा आपण मैदानात होतो. दुसऱ्यांदा नव्हता तुम्ही. 2017 च्या एप्रिलला होता, पेढ्याचा पुडा घेऊन आला होता. 2021 च्या ऑगस्टला करोनामुळे मीच जाऊ दिलं नव्हतं, तुम्ही मोबाइलवर बघितलंत आणि नेट गेलं म्हणून मला शिव्या घातल्यात. मग खोली रिकामी केली, महिना 25 हजार भाडं मिळायला लागलं आणि तुम्ही गावचा रस्ता धरलात. 'बिल्डिंग झाली की कळव' एवढंच म्हणालात, पण दर रविवारी फोन येतो.

शंभर वर्षांची आपली चाळ पाडताना ब्रेकरला दम लागला होता, हे मी तुम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं. आता सांगतो, कारण तुम्हाला आवडेल.

भातकापणी आटपली असेल. आई, तांदूळ एवढ्यात पाठवू नको, मागचाच आहे.

आणि बाबा, गिरणीच्या बोनसमधून घेतलेलं ते लोखंडी कपाट तुम्ही नव्या घरात आणणारच, हे मी धरून चाललोय. काकूंच्या दाराची आणि लिफ्टची मापं मी घेतली आहेत. तुम्ही कपाट वितीने मोजू नका, सुताराकडून टेप मागून घ्या आणि पाय धरून उंची कळवा.

तुमचा,
बाळू