मंत्रीसाहेब, न बघितलेल्या फिल्मवर रिफ्लेक्शन कसं लिहायचं?

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार वि. वि.

मी मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव टाकत नाही, मार्क अजून त्यांच्याच हातात आहेत. काल आमच्या डॉक्युमेंट्रीचा फीडबॅक आला. ४० पैकी १७, आणि शेरा काय तर "व्हॉइसओव्हर अस्पष्ट, उच्चार सुधारावेत". साहेब, आमच्या फिल्ममध्ये व्हॉइसओव्हरच नाहीये! ऊसतोडीला आलेली एक बाई स्वतःच सगळं बोलते, आम्ही मुद्दाम मध्ये तोंड घातलं नाही. अनलिस्टेड लिंक दिली होती, म्हणजे ज्याच्याकडे लिंक त्यालाच फिल्म दिसणार, तिच्यावरचे व्ह्यूज आमच्या ग्रुपचे आणि माझ्या आईचे, बास.

खरी गंमत पुढे. याच फीडबॅकवर ५०० शब्दांचं 'रिफ्लेक्शन' लिहायचंय, काय चुकलं, काय शिकलात वगैरे, त्यालाही मार्क. म्हणजे चुका दुसऱ्याच कुणाच्या तरी फिल्ममधल्या आणि पश्चात्ताप मी करायचा! ऐन थंडीत रात्रभर फडाशेजारी बसलो, पहाटे टोळी कामाला लागायच्या आधीचं शूट मिळावं म्हणून, त्यात मित्राचा मोबाइल फुटला, हप्ते अजून चालू आहेत, आणि घरी बाबा रोज म्हणतात इंजिनीअरिंग घेतलं असतंस तर.

सरांवर राग नाही. ते तासिका तत्त्वावर, दोन कॉलेजं करतात. ९० एक फिल्म, पंधरा मिनिटांची एक, म्हणजे नुसतं बघायलाच साडेबावीस तास. त्याचे पैसे कोण देणार, तुम्ही? प्राध्यापक भरतीच्या घोषणा तेवढ्या वेळेवर येतात.

तुमच्या भाषणात नवं शैक्षणिक धोरण, सातत्यपूर्ण मूल्यमापन. २०१७ ला मुंबई विद्यापीठात ऑनस्क्रीन तपासणीचा, म्हणजे पेपर स्कॅन करून कॉम्प्युटरवर तपासायचा, असाच गाजावाजा झाला, सतरा लाखांवर पेपर, निकाल महिनोन्‌महिने लटकले, शेवटी कुलगुरूंना घरी जावं लागलं. पोरांची गेलेली अॅडमिशन कुणी परत दिली? तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा हक्क सुप्रीम कोर्टानं २०११ लाच दिलाय, पण इंटर्नलचं विचारलं की आमच्या खिडकीवर उत्तर एकच, "त्याला रिव्हॅल्युएशन नसतं."

आणि याच कोर्सची पोरं पुढे तुमच्याच लोकांची रील्स कापतात हं, बहुतेक फुकट, इंटर्नशिप म्हणून. तिथे मात्र फीडबॅक पाच मिनिटांत येतो, साहेबांचा चेहरा डार्क दिसतोय, लगेच बदला!

मागणी एवढीच, कुणीतरी फिल्म पूर्ण बघावी आणि कितव्या मिनिटाला काय खटकलं ते लिहून द्यावं. मग १७ चे १२ करा, चालेल. लिंक पाठवतोय, तुम्ही बघितलीत तरी व्ह्यू वाढेल.

आपला,
तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी