मायक्रोस्कोपचा संगणक वाचवणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

आमच्या फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपचा (रंग लावलेला नमुना चमकवून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाचा) संगणक तुम्ही सुरू करून दिलात. तोंडी आभार मानून झाले, तरी हे उघड पत्र लिहितो आहोत. नाशिकमधल्या ज्या प्रयोगशाळांत अशी जुनी यंत्रं आहेत, त्यांनाही तुमचं काम कळावं.

"जुनं झालं, अख्खा सेट बदला," असा सल्ला आम्हाला आधी मिळाला होता. पण ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे नमुन्याकडची भिंगं, अजून लखलखीत आहेत. अडत होता तो फक्त विंडोज एक्सपीवरचा संगणक. तोही सहज बदलता येत नाही. कॅमेरा जोडायचं फायरवायर कार्ड जुन्या पीसीआय स्लॉटचं, नमुना ठेवायच्या स्टेजचा कंट्रोलर सीरियल पोर्टवर, सॉफ्टवेअरचा डोंगल (परवान्याची किल्ली) पॅरलल पोर्टवर. हे तिन्ही असलेला मदरबोर्ड आज दुकानात सहसा मिळत नाही.

तुम्ही संगणक लगेच चालू केला नाहीत, यासाठी सगळ्यात आधी आभार. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावलीत आणि डीडीरेस्क्यू या डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रॅमने तिची हुबेहूब प्रत घेतलीत. स्केलबारचं (चित्रातल्या मापपट्टीचं) कॅलिब्रेशन, कॅमेऱ्याचे ड्रायव्हर, सगळं त्या एकाच डिस्कवर होतं. इन्स्टॉलेशनची सीडी कधीच हरवलेली. थकलेल्या डिस्कवर थेट प्रयोग झाले असते तर यातलं काहीच परत मिळालं नसतं.

निळ्या पडद्यावर '७बी' कोड (विंडोजची डिस्क सापडत नाही) यायचा, म्हणून सगळे डिस्कलाच दोष देत होते. तुम्ही बोर्डावरच्या सीआर २०३२ सेलला मल्टिमीटर लावलात. ३ व्होल्टच्या जागी २.४! सेल उतरला की बायोस (संगणक सुरू करणारा प्रोग्रॅम) मूळ सेटिंगवर जातं. या बोर्डाची मूळ सेटिंग एएचसीआय (डिस्कशी बोलायची नवी पद्धत), आणि एक्सपीकडे त्याचा ड्रायव्हर नव्हता. सेल बदलून साटा, म्हणजे डिस्कची जोडणी, पुन्हा आयडीई या जुन्या मोडवर ठेवलात आणि विंडोज उघडली.

तरी चित्र मध्येच गोठायचं. इथे तुमची चिकाटी दिसली. रिकाम्या मशीनवर १२ व्होल्टची लाइन ११.९ दाखवत होती. कॅमेरा सुरू होताच ११.१. पाच टक्क्यांची सूट धरली तरी ११.४ च्या खाली जाता कामा नये. या कॅमेऱ्याला वीज फायरवायरच्या केबलमधूनच मिळते, म्हणून पहिला फटका त्यालाच. वीज पुरवणारा एसएमपीएस बदललात. प्रोसेसरजवळचे तीन फुगलेले कपॅसिटरही काढून नवे लावलेत: मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ अंशांचे, लो ईएसआर (आतला रोध कमी असलेले). साधे लावले तर तापून पुन्हा फुगतात, हे तुम्ही बजावून सांगितलंत. रॅमच्या पट्ट्यांवर पावसाळ्याची दमट हवा बसली होती, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलीत.

आणि मूळ दुखणं सापडलं ते स्विचच्या क्रमात. मायक्रोस्कोपचा मर्क्युरी दिवा पेटताना उच्च व्होल्टेजचा झटका देतो आणि त्याचा त्रास शेजारच्या इलेक्ट्रॉनिक्सला होतो. आता दिवा आधी लावतो, तो स्थिर झाला की संगणक आणि कॅमेरा. बंद करताना संगणक आधी, दिवा शेवटी. विझवलेला दिवा अर्धा तास थंड होऊ देतो. चालू मशीनमध्ये फायरवायरची केबल काढायची नाही, हेही स्विचबोर्डवर चिकटवलं आहे. एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले, म्हणून नेटची केबल तुम्ही काढून ठेवलीत, ती तशीच आहे.

डिस्कची दुसरी प्रत सिलिका जेलसकट डब्यात घालून कपाटात ठेवली आहे. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर डाउनी (केवडा) रोगाच्या पानांची रांग लागेल. ॲनिलिन ब्लू हा रंग लावून ती याच यंत्राखाली पाहायची आहेत. त्याआधी एकदा या, १२ व्होल्टची लाइन कॅमेरा चालू ठेवून पुन्हा मोजू.

तुमचे मनापासून ऋणी,
प्रयोगशाळेतले सगळे, नाशिक