हेड उघडल्याशिवाय होकार देऊ नकोस

कोल्हापूर,
रविवार, सकाळ

प्रिय मित्रा,

काल तुझा फोन ठेवला, पण झोप काही लागली नाही. तुझ्या गाडीचा टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँकवरून कॅमला फिरवणारा पट्टा, तुटला हे कळलं. पण काहीही न उघडता गॅरेजवाला ‘इंजिनच बदला’ म्हणतो, हे मला पटलेलं नाही. भावा, आधी एक कर, कुणालाही परत सेल्फ मारू (स्टार्टर फिरवू) देऊ नकोस. व्हॉल्व्ह उघडणारा कॅम थांबलेला, पिस्टन वरखाली करणारी क्रँक फिरतेय, म्हणजे उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर पिस्टन पुन्हा आदळणार. डिझेल इंजिनात पिस्टनच्या वर जागाच कितीशी असते!

माझी गाडी गेल्या पावसाळ्यात किणी टोलनाक्याजवळ अशीच गेली. टो करून उद्यमनगरात आणली. मिस्त्रींनी डिझेल फवारणारं नोझल काढून त्या भोकातून कॅमेरा सोडला. पिस्टनच्या डोक्यावर चंद्रकोरीसारखे ओरखडे दिसले, तडा नव्हता. मग कॅम उतरवला, म्हणजे सगळे व्हॉल्व्ह मिटायला हवेत, आणि एकेका सिलिंडरमध्ये कंप्रेसरची हवा भरली. मला म्हणाले, "कान लावा." सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह, हवा आत घेणाऱ्या मॅनिफोल्डमधून आली तर इनलेटचा. ऑइलच्या झाकणातून जोरात आली तर रिंग किंवा पिस्टन. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट नाहीतर हेडला चीर. आमच्याकडे आवाज फक्त वरच्या बाजूचा, म्हणजे व्हॉल्व्हचा होता. हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनचा वरचा भाग, उतरवलं तर ८ पैकी ६ व्हॉल्व्ह वाकलेले.

इथे बरेच जण घाई करतात, नवे व्हॉल्व्ह टाकून मोकळे होतात. मिस्त्रींनी तसं केलं नाही. डायल गेज लावून चारही पिस्टन वर किती येतात ते मोजलं. एखादा खाली राहिला तर त्याला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकलाय. चारही सारखे निघाले तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. व्हॉल्व्ह ज्यात सरकतात ते गाइड आणि कॅमही तपासून घेतले.

बेल्ट का तुटला, तेही शोधायला सांग. माझ्या गाडीत त्याच बेल्टवर फिरणाऱ्या वॉटर पंपाचं बेअरिंग जाम झालं होतं. नुसता बेल्ट बदलला असता तर नवाही गेला असता. पंप, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर, त्याला वळवणारी आयडलर पुली, सगळं एकदमच घाल. ऑइल सील गळत असेल तर तेही.

उद्या गॅरेजला स्वतः जा, हवा भरताना शेजारी उभा राहा. आवाज कुठून आला ते मला कळव, मी मिस्त्रींना विचारून सांगतो. हेड इकडे पाठवायचं असेल तर पाठव, इथे पोचलं की ताब्यात घ्यायला मी जातो.

तुझाच,
जुना बाकमित्र